पहाटेचं दळण

बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं. ज्वारीचं विरी जातं आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. त्यामुळे महिन्याचं दळून डब्यात भरावं, अशी सोय भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राला फारशी नव्हतीच. गावात गिरणी येईपर्यंत लागेल तेवढं रोजच्या रोज दळायचं. तेही पाणी, शेण, शेत यांची रहाटी सुरू व्हायच्या आत, पहाटे तीन-चारला उठून. जात्यावरच्या ओवीबद्दल बोलताना आपण लगेच भक्तीकडे वळतो, पण तिची मुळं या पिठाच्या अडचणीत आहेत.

कामाबरोबर ओवी गाण्याची ही चाल जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ओवी ग्रंथात जाऊन बसली, त्याच्या दीडशे वर्षं आधी ती मुसळाच्या ठेक्यावर होती.

दळायला दोघी समोरासमोर बसत, एक पाय लांब, दुसरा दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात आणि मोकळ्या हातानं मूठ-मूठ दाणे वैरणं. जात्याला नुकती टाकी लावलेली, म्हणजे दगड टाचून खरखरीत केलेला असेल तर पहिलं पीठ कचकचतं, ते बाजूला काढायचं. टाकी बोथटली की तेच जातं दुप्पट जड वाटतं. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं उचलायची. जोडीला बहुतेक वेळा जाऊ, नणंद किंवा शेजारीण असे. दिवसभर जिच्याशी धड बोलायला फुरसत नाही, तिच्यासमोर तासभर बसायची ही एकच हक्काची जागा.

पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबाप, भाऊ, माहेरची वाट, लेकीचं सासर. सासुरवास आणि सवतही येते. घरात उघड बोलता न येणारं जात्याच्या घरघरीत खपून जाई, आणि कुणी हटकलंच तर ती ओवीच असते, तक्रार नव्हे! बायका जात्याला देव म्हणत, त्याला पाय लागू देत नसत. खानदेशात तेच घरोट. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी घरोटावरही गाणं केलं. त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती १९५२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरानं.

साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात साईबाबा स्वतः गहू दळायला बसतात. गावातल्या बायका पुढे होऊन त्यांच्या हातातला खुंटा घेतात आणि गात गात दळू लागतात. चरित्रकार दाभोलकरांना हे चरित्र लिहायची ऊर्मी त्या प्रसंगातून आली आणि त्यांनी ते लिहिलंही ओवीतच. पुरुषाला जात्यावर बसलेलं पाहून बायकांना राहवलं नाही, यातली गंमत त्यांनी टिपली आहे.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. त्याहून मोठं काम १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी केलं. मुळशीसारख्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना त्यांना ओव्या भेटल्या आणि त्या उतरवून घेत घेत संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. गावं हजाराहून जास्त. २०१७मध्ये ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळानं हा संग्रह आवाज आणि भाषांतरासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी त्याच जुन्या चालीत बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. जुन्या साच्यात नवा देव बसवायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

या सगळ्याला हळवं व्हायचं कारण नाही. जातं म्हणजे खांद्याची, पाठीची रोजची शिक्षा होती, बाळंतिणीलाही ती फार दिवस चुकत नसे. विसाव्या शतकात आधी तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव पोचली, तेव्हा पहाटेची झोप परत मिळाली. ती नको म्हणणारी बाई विरळा. पण सुटका झाली ती दळणासकट सगळ्यातूनच. गिरणीत डबा ठेवायचा, नंबर लावायचा, पट्ट्याच्या आवाजात शेजारणीशी ओरडून दोन शब्द बोलायचे आणि गरम पीठ घेऊन घरी यायचं. मनातलं कुणाकडे काढावं, याची सोय त्या डब्यात नव्हती. ओवी नुसती बसल्या जागी सुचत नाही, हात फिरायला लागतो, हे गाणाऱ्या बायका जाणून होत्या.

जातं पुरतं गेलं मात्र नाही. लग्नात हळद दळायला ते माळ्यावरून उतरतं, घरात नसलं तर शेजारून मागून आणतात. खुंट्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधली जाते, पाच सवाशिणी हात लावतात, हळकुंडं कशीबशी भरडली जातात आणि फोटो होतात. ओव्या येणारी एखादी आजी असली तर तिला हाताला धरून पुढं बसवतात. नसली तर स्पीकर लावलेला असतोच.