कालयंत्र आणि कायदा

आपल्या काळाची सीमा ओलांडून दुसर्‍याच काळात पाऊल ठेवावे, ही मानवाची फार जुनी आकांक्षा आहे. कन्या रेवतीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी राजा तेथे क्षणभर थांबला आणि परतून पाहतो तो पृथ्वीवर कित्येक युगे उलटून गेलेली, अशी कथा आपल्या पुराणांत आहे. ब्रह्मलोकाच्या जागी यंत्राची योजना करून एच. जी. वेल्स यांनी १८९५ मध्ये हीच कल्पना आधुनिक कादंबरीत आणली. पुढे ती मुलांच्या साहसी चित्रमालिकांत शिरली. आणि फ्रान्समध्ये एकदा तिची गाठ थेट कायद्याशी पडली.

ज्या चित्रमालिकेमुळे हे घडले, तिचे कर्ते बेल्जियमचे एदगार जाकोब्स (१९०४–१९८७). तारुण्यात हे गृहस्थ संगीतिकांतून गात असत. दुसर्‍या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर 'फ्लॅश गॉर्डन' या अमेरिकन चित्रमालिकेची पाने ब्रसेल्सला पोहोचेनाशी झाली. खंडित झालेली ती कथा जाकोब्स यांनी काही काळ पुढे चालविली. तिच्यावर बंदी आल्यावर १९४३ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रमालिका सुरू केली. म्हणजे त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाचा आरंभच एका बंदीतून झाला. १९४६ मध्ये 'टिनटिन' साप्ताहिक निघाले, त्याच्या पहिल्या अंकापासून ब्लेक व मॉर्टिमर या त्यांच्या नायकांनी बालवाचकांची मने जिंकली.

१९६० व १९६१ या वर्षांत या साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या त्यांच्या कथेचे नाव होते 'सैतानी सापळा'. प्राध्यापक मॉर्टिमर यांना त्यांच्या एका मृत प्रतिस्पर्ध्याकडून वारसाहक्काने कालयंत्र मिळते. ते सेन नदीकाठच्या ला रोश-ग्वियों गावी, खडूच्या कड्यातील भुयारात ठेवलेले असते. परंतु ही देणगी म्हणजे सूड असतो. यंत्रातील काळ निवडण्याची योजना मुद्दाम बिघडविलेली असते. मॉर्टिमर प्रथम महाकाय सरड्यांच्या युगात जाऊन पडतात, नंतर मध्ययुगातील शेतकर्‍यांच्या बंडात सापडतात आणि अखेर एक्कावन्नाव्या शतकात पोहोचतात. तेथे उच्चारानुसारी फ्रेंचमध्ये लिहिलेले फलक भुयारी रेल्वेच्या भग्न स्थानकात तेवढे उरले आहेत, आणि माणसे हुकूमशाहीच्या टाचेखाली चिरडली जात आहेत. त्यांच्या उठावाला साहाय्य करून मॉर्टिमर परततात, ते एकच बोध घेऊन : गेलेल्या काळासाठी झुरण्यात अर्थ नाही, येणार्‍या काळाची अधीरताही व्यर्थ आहे, आपला काळ तोच आपला.

इतका सौम्य बोध करणार्‍या या कथेचा ग्रंथ १९६२ मध्ये निघाला, तेव्हा फ्रान्सने त्याच्या आयातीस मनाई केली. त्यास आधार होता १६ जुलै १९४९ च्या कायद्याचा. बालकुमारांसाठी निघणार्‍या प्रकाशनांवर देखरेख ठेवण्याकरिता या कायद्याने न्यायमंत्रालयात एक समिती नेमली होती. कथेतील हिंसा आणि चित्रांची भेसूरता यांवर आक्षेप घेण्यात आला. ही मनाई १९६७ पर्यंत टिकली.

या कायद्यामागील चिंता उपहासास पात्र होती, असे मात्र म्हणता येत नाही. महायुद्धाच्या होरपळीतून निघालेल्या समाजाला मुलांच्या मनाची काळजी वाटावी, हे स्वाभाविकच होते. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता पत्करली; ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला; आणि १९५६ मध्ये भारतीय संसदेनेही अल्पवयीनांना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा संमत केला.

प्रश्न आहे तो कसोटीचा. गुन्हेगारी, असत्य, चौर्य, द्वेष इत्यादी दुर्गुण अनुकूल प्रकाशात रंगवू नयेत, असे फ्रेंच कायद्याचे शब्द होते. जाकोब्स यांनी तर क्रौर्य भेसूर दिसावे म्हणूनच भेसूर रंगविले. १३५८ मध्ये उत्तर फ्रान्समधील शेतकरी सरदारांविरुद्ध उठले आणि ते बंड निर्दयपणे चिरडले गेले, ही गोष्ट फ्रान्सच्या इतिहासात नमूद आहे. ज्या इतिहासात रक्त सांडले, त्याचे चित्र रक्तावाचून काढावयाचे, तर मुलांच्या हाती इतिहासाऐवजी भ्रमच पडावयाचा. वाईटाचे चित्रण आणि वाईटाची भलावण यांत महदंतर आहे. सुटी पाने पाहणार्‍याला ते दिसत नाही, संपूर्ण कथा वाचणार्‍यालाच दिसते.

या मनाईचा परिणाम ग्रंथापुरता मर्यादित राहिला नाही. जाकोब्स यांची पुढची कथा १९६५ मध्ये सुरू झाली. ती पॅरिसमधील एका कंठहाराच्या चोरीची होती; तीत ना यंत्र, ना भविष्य. समितीच्या धास्तीनेच त्यांनी हा सरळ मार्ग पत्करला, असे अनेक अभ्यासक मानतात. एका ग्रंथावरील मनाई पाच वर्षांनी उठते; लेखकाच्या मनात बसलेली भीती मात्र कोणत्याही आदेशाने उठविता येत नाही.

आपल्या १९५६ च्या कायद्यात एक शब्दप्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रकाशन अपायकारक ठरवावयाचे, तर ते समग्र रूपाने अल्पवयीनास बिघडविणारे असले पाहिजे. कायद्याचे पुस्तक हाती असलेल्या प्रत्येकाने तो 'समग्र' शब्द मनावर घ्यावयास हवा. मुले गोष्ट शेवटपर्यंत वाचतात. त्यांच्या रक्षकांनीही तेवढे करावे, ही अपेक्षा जास्त नाही.