आपोआप डावीकडे

तर झालं असं, की गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि सोलापूरला घरी गेलो. चपला काढतोय तोवर भाच्याची तक्रार, "मामा, माझा प्लेअर आपोआप डावीकडं पळतोय. हात लावला नाही तरी!"

तुमच्यापैकी जे गेम खेळतात त्यांना दुखणं कळलं असेल. याला म्हणतात स्टिक ड्रिफ्ट. मी (इंजिनिअर ना!) लगेच निदान आणि उपाय एका दमात सांगून टाकला, "गेला तो. नवीन मागवू." बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "उघड की आधी. न उघडताच मेला म्हणतोय."

बाबा आयुष्यभर जॉबर होते. कंपनीतला जॉब बदलणारा नव्हे, मागावरचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. आधी मिलमध्ये, मग मिल बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागांवर. त्यामुळे लाजेकाजेस्तव का होईना, स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागला.

आता थोडा इतिहास. बटणं असलेल्या गेममध्ये दोनच गोष्टी असतात, दाबलं किंवा नाही दाबलं. १९७७ च्या अटारी २६०० ची ती प्रसिद्ध काळी जॉयस्टिक दिसायला दांडा होती, पण आत दिशांचे चार साधे स्विच. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी जे 'टीव्ही गेम' आले, निन्टेन्डोच्या नकला, 'लाखो गेम एकात' अशी थाप छापलेल्या पिवळ्या कॅसेटवाले, त्यांच्या रिमोटमध्येही रबरी बटणाखाली कार्बनची टिकली. चालेना झालं की उघडायचं, खोडरबराने टिकली घासायची, पुन्हा मारिओ चालू. माझ्या मोठ्या बहिणीने हे दुरुस्तीकाम शाळेत असतानाच आत्मसात केलं होतं.

पण 'थोडंसं डावीकडे' हे स्विचला सांगता येत नाही. त्यासाठी लागतं पोटेन्शिओमीटर. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ याने विद्युतदाब मोजायला १८४१ मध्ये जी युक्ती मांडली, तिचंच हे धाकटं भावंड. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. जीभ जिथे असेल त्यानुसार दाब कमीजास्त. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायची चकती आठवा, आत हेच असतं. आणि ती जुनी झाली की फिरवताना खर्र खर्र व्हायचं ना? ते खर्र आणि भाच्याचा डावीकडे पळणारा प्लेअर, दोन्ही एकाच आजाराची लक्षणं.

१९७२ च्या मॅग्नावॉक्स ओडिसीत, म्हणजे घरी खेळायच्या पहिल्या व्हिडिओ गेममध्ये, अशाच फिरवायच्या चकत्या होत्या. १९८२ मध्ये अटारी ५२०० ने अ‍ॅनालॉग दांडा आणला, पण सोडल्यावर तो मध्यावर परत यायचाच नाही, शिवाय सारखा बिघडायचा. त्याच वर्षी आलेल्या व्हेक्ट्रेक्सचा छोटा दांडा मात्र सोडला की मध्यावर यायचा. मग १९९६ मध्ये निन्टेन्डो ६४, आणि १९९७ मध्ये सोनीचा ड्युअल शॉक, दोन्ही अंगठ्यांना एकेक दांडा. आज हातात येणारा जवळपास प्रत्येक कंट्रोलर याच घराण्यातला.

गंमत पुढे आहे. सेगाने १९९६ मध्ये सॅटर्नच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्टमध्ये घासणारा भागच काढून टाकला होता. दांड्याला लोहचुंबक, खाली सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याला १८७९ मध्ये सापडलेला परिणाम वापरून चुंबक किती सरकला ते मोजायचं. काही घासत नाही, त्यामुळे झिजतही नाही. म्हणजे या रोगावर औषध २५ हून जास्त वर्षांपूर्वीच बाजारात होतं! तरी बहुतेकांनी कार्बनची पट्टीच ठेवली, कारण ती स्वस्त आणि आटोपशीर. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनला ड्रिफ्ट इतका झाला, की २०१९ मध्ये अमेरिकेत खटले उभे राहिले आणि २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी गैरसोयीबद्दल माफी मागितली.

असो. आपण घरी परत येऊ.

कॉम्प्युटरला जोडून आकडे पाहिले. ० ते २५५ मध्ये दांडा मोकळा असताना १२८ च्या आसपास हवा, आमचा ११३ दाखवत होता. अंगठ्याने जरा हलवला की १०५, पुन्हा ११६. मी लगेच सॉफ्टवेअर उपाय सुचवला: डेड झोन वाढवू, म्हणजे मधल्या हालचालीकडे गेमने दुर्लक्ष करायचं. बाबांनी विचारलं, "म्हणजे रोग तसाच, फक्त तू बघायचं नाहीस?" (माझ्या कोड रिव्ह्यूत असं स्पष्ट कोणी बोलत नाही!)

उघडला. बॅटरीची पिन काढली, बाजूची हिरवी डबी उचकटली. पट्टीवर काळी भुकटी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बसवलं, आकडा १२७. टाळ्या! तीन दिवसांनी मी पुण्यात, आणि भाच्याचा मेसेज: "मामा, परत पळतोय."

फोन बाबांनी घेतला. "पट्टी झिजलीय रे. पुसून झीज भरत नाही. भाग बदल." त्यांनी दांड्यावर नुसता अंगठा ठेवून हे ओळखलं होतं म्हणे. मी विचारलं, कसं? तर म्हणाले, मागाच्या खडखडाटात कानाने काही कळत नाही, सगळं हातानेच कळतं.

मी गप्प झालो. बाबांना आता डाव्या कानाने फारसं ऐकू येत नाही, आणि त्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या फेरीत चुंबकाचा सुटा भाग घेऊन गेलो. तो चौदा पायांवर सोल्डर केलेला असतो, माझ्याने जमेना. नवी पेठेत एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने गरम हवेने जुना उतरवून नवा बसवून दिला. घरी मध्य पुन्हा जुळवला. आकडा १२८, आणि आजतागायत १२८.

ज्या गावात चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहिली जायची, त्या गावातून मी कॉम्प्युटर शिकून बाहेर पडलो. १८०४ च्या त्या जॅकार्ड यंत्रापासूनच बॅबेजने कार्डांची कल्पना घेतली, हे कॉलेजात घोकून मार्क मिळवले. कार्ड फाटलं की नक्षीत नेमका कुठला धागा चुकतो, हे मात्र बाबांना कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. दीड तास बोलले. भाचा ऐकता ऐकता झोपला, कंट्रोलर पोटावर ठेवून.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, तेव्हा मी बातमी वाचून पुढे सरकलो होतो. हक्क मिळेलही. पण उघडून बघणारी माणसं तोवर घरात असतील का, हा प्रश्न आता मला जास्त सतावतो.

मंडळी, तुमच्या घरातही एखादा जॉबर असेल. पुढच्या सुट्टीत काहीतरी बिघडलेलं घेऊन जा.