मुळशीचा सत्याग्रह आणि संमतीचा प्रश्न

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात मुळशी सत्याग्रहाचा (१९२१–२४) उल्लेख बहुधा सेनापती बापटांच्या चरित्राच्या अनुषंगाने होतो. चरित्रकाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न बाजूस राहतो. मुळशीच्या शेतकऱ्यांचा धरणास विरोध होता, याविषयी वाद नाही. तो विरोध मांडण्यास गावापाशी कोणते साधन होते आणि गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला, याचा विचार केल्यावाचून त्या लढ्याच्या अपयशाचा पुरता उलगडा होत नाही.

टाटांचा पहिला जलविद्युत् प्रकल्प १९१५ साली खोपोलीस कार्यान्वित झाला आणि मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज मिळू लागली. मागणी वाढत होती. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवावे व तेथे वीज निर्माण करावी, अशी तिची योजना होती. पन्नासच्या आसपास गावांना व सुमारे ११,००० माणसांना तिची झळ पोहोचणार होती आणि खोऱ्यातील उत्तम भातजमीन पाण्याखाली जाणार होती. भूसंपादन पुरे होण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना या योजनेचा खरा अर्थ कळला.

त्या वेळचा कायदा पाहिला, तर गावाच्या असहायतेचे कारण ध्यानी येते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये सरकार खाजगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत असे. भूधारकास नोटीस मिळे, मोजणीविषयी व मोबदल्याविषयी तक्रार करता येई. पण जमीन घेतलीच जाऊ नये, असे म्हणण्याचा हक्क त्याला नव्हता. संपादनालाच हरकत घेण्याची तरतूद, म्हणजे कलम ५-अ, कायद्यात आली ती १९२३ च्या दुरुस्तीने. तोवर मुळशीचा लढा दोन वर्षे चालू होता. १९२० चा मुंबई ग्रामपंचायत कायदा नुकताच झाला होता खरा. परंतु त्याने पंचायतीकडे सोपविलेली कामे रस्ते, विहिरी, स्वच्छता अशा स्वरूपाची होती. आपले शिवार बुडावे की नाही, हा तिच्या अधिकारातील विषयच नव्हता.

जे कायद्याने दिले नाही, ते सत्याग्रहाने मिळविण्याचा यत्न झाला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी व स्वयंसेवक धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी काम बंद पाडले. वि. म. भुस्कुटे, पां. म. बापट यांच्यासारखे कार्यकर्ते लढ्यात उतरले. पुण्याच्या वृत्तपत्रांनी तो प्रश्न प्रांतभर नेला. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिताना, टाटांनी कायद्याच्या हक्कावर न विसंबता प्रत्यक्ष लोकांशी विचारविनिमय करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. या अपेक्षेत लढ्याचे मर्म होते. पण ती पुरी करण्यास कोणीही बांधलेले नव्हते. काही काळ काम थांबले, आणि नंतर संपादनाची कारवाई पुढे चालू झाली. डिसेंबर १९२१ पासूनच्या दुसऱ्या पर्वात स्त्रियांसह अनेकांनी तुरुंगवास पत्करला.

या पर्वात विरोधकांमधील फूट उघड झाली. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. ती कसणारा मावळा कूळ होता. जमिनीचा चांगला भाव मिळत असेल, तर सावकारास धरणाचे भय नव्हते. कुळाची स्थिती निराळी होती. मोबदल्याचा मोठा वाटा दुसऱ्याच्या पदरी जाणार आणि स्वतःचे घर, शेत व रोजगार मात्र पाण्याखाली जाणार, हे त्यास दिसत होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा दोघांच्या दृष्टीने सारख्या अर्थाची असणे शक्यच नव्हते. मोबदल्याच्या बोलण्यास सावकार राजी झाले, तेव्हा कायद्याच्या लेखी प्रश्न मिटला. गावाच्या लेखी तो मिटला नव्हता. तथापि गावाचा निर्णय म्हणून नोंदला जावा, असा ठराव करणारी आणि तो सरकारवर बंधनकारक करणारी संस्था अस्तित्वात नसल्याने, कुळांचा नकार केवळ सत्याग्रहींच्या देहदंडावर अवलंबून राहिला. तो सोसण्याची शक्ती ओसरली, तसा लढाही ओसरला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामगारांची गाडी अडवून शस्त्राचा अवलंब केला व त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ साली भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली.

यापुढील काळात कायदा पुष्कळ बदलला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत संपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक केला. ओडिशातील नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. जो नकार मुळशीत नोंदण्यास जागा नव्हती, तो येथे ठरावरूपाने नोंदला गेला व निर्णायक ठरला. त्याच वर्षीच्या नव्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक मानली. मात्र ही टक्केवारी काढताना मुख्यत्वे जमीनधारक व सरकारकडून जमीन मिळालेली कुटुंबेच मोजावयाची आहेत. कूळ व शेतमजूर त्याच कायद्यान्वये ‘बाधित’ ठरतात आणि पुनर्वसनासही पात्र होतात. संमतीच्या मोजणीत मात्र त्यांना स्थान नाही.

म्हणजे १९२१ साली मुळशीने विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मिळाले आहे. ‘नाही’ म्हणता येते, हे मान्य झाले. ते कोणी म्हणावयाचे, या प्रश्नावर सावकार व कूळ यांच्यामधील जुनी रेषा अद्याप पुसली गेलेली नाही. ग्रामीण लोकशाहीच्या अभ्यासकास मुळशीकडे पुन्हा वळावे लागते ते याच कारणाने.