शकुंतला (१९४३)

शकुंतला : व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी प्रणयपट. राजकमल कलामंदिर या संस्थेची ही पहिली निर्मिती. कथानक कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या सात अंकी संस्कृत नाटकाचे. शकुंतलेच्या भूमिकेत जयश्री, दुष्यंताच्या भूमिकेत चंद्रमोहन. संगीत वसंत देसाई यांचे. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला.

भाषा हिंदी असली तरी या चित्रपटाची नाळ मराठी रंगभूमीशी जुळलेली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच नाटकाला मराठी रूप दिले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाचे पर्व तिथून सुरू झाले. साकी, दिंडी, ओवी अशा घरोघरी रुळलेल्या चालींत कण्व, शकुंतला, दुष्यंत गाऊ लागले आणि संस्कृत पंडितांच्या पोथीतली गोष्ट गावोगावच्या प्रेक्षकांची झाली. पुढे १९०५ साली मिरजेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत प्रथम उभे राहिले तेही शकुंतलेच्याच वेषात.

कोल्हापूरच्या शांताराम राजाराम वणकुद्रे, म्हणजे व्ही. शांताराम, यांनी किशोरवयात गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली होती. तिथून ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. प्रभातमधून बाहेर पडल्यावर १९४२ मध्ये त्यांनी परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत स्वतःचा स्टुडिओ थाटला. नाव ठेवले वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांसारखे रोखठोक सामाजिक चित्रपट देणाऱ्या दिग्दर्शकाने नव्या घरातला पहिला नारळ फोडला तो मात्र दीड हजार वर्षांहून जुन्या प्रेमकथेवर. काहींना ही माघार वाटेल. पण टाकलेल्या स्त्रीचा प्रश्न या कथेतही तितकाच जळता आहे.

महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात ओळखीची अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथे राजा लोकलाजेस्तव ओळख नाकारतो आणि आकाशवाणी त्याला सत्य मान्य करायला लावते. कालिदासाने विस्मृतीचा शाप आणून राजाला दोषातून सोडवले, पण पाचव्या अंकातल्या शकुंतलेला तसूभरही सूट दिली नाही. गरोदर स्त्री भर दरबारात उभी आहे, नवरा ओळख देत नाही. खूण दाखवायची म्हणून ती बोटाकडे हात नेते, तर बोट रिकामे! शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडली, हे तिच्यासोबत आलेली आश्रमातली गौतमी सांगते तोवर राजाच्या ओठांवर स्त्रियांच्या चतुराईचे टोमणे आलेले असतात. तेव्हा ही आश्रमकन्या त्याला कठोर शब्दांत सुनावते. नाटकाचा खरा कणा हा अंक आहे; वेलींना पाणी घालणारी, भुंग्याला घाबरणारी पहिल्या अंकातली मुलगी कितीही गोड असली तरी. रंगमंचावर ते रिकामे बोट मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शब्दांवरून समजून घ्यावे लागते. कॅमेऱ्याला ते थेट दाखवता येते.

पात्रनिवडही नेमकी होती. शांतारामांच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मधला राजगुरू प्रेक्षक विसरले नव्हते. पडदा व्यापणारे चंद्रमोहन यांचे डोळे हीच त्या चित्रपटाची ओळख ठरली होती. ‘शेजारी’तून पुढे आलेल्या जयश्री या शांतारामांच्या पत्नी. ज्या भूमिकेवर मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ स्त्रीवेषधारी पुरुषांची छाप होती, ती त्यांनी पडद्यावर साकारली. वसंत देसाई प्रभातमध्ये तयार झालेले; राजकमलशी त्यांचे नाते पुढे ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’पर्यंत टिकले.

नाटकावर प्रणयपट बेतण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. हॉलिवूडचा ‘वॉटर्लू ब्रिज’ (१९४०) रॉबर्ट शेरवुडच्या १९३० सालच्या नाटकावरचा. १९४० मध्येच एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा तमिळ ‘शकुंतलै’ अमेरिकन दिग्दर्शक एलिस डंगन यांनी केला होता. शांतारामांची शकुंतला १९४७ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. अमेरिकेत व्यावसायिकरीत्या लागलेला हा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो.

याच कथेकडे शांताराम पुन्हा वळले. ‘स्त्री’ (१९६१) मध्ये संध्या शकुंतला झाल्या आणि दुष्यंत स्वतः शांताराम, संगीत सी. रामचंद्र यांचे. तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवण्यात आला होता.