रसायनशास्त्राची परीक्षा

विद्यार्थ्यास विषय समजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं परीक्षा असते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या विद्यापीठांचा इतिहास मात्र या समजास फारसा अनुकूल नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें विद्यापीठ तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलें गेलें. शिकविणें हें महाविद्यालयांचें काम आणि परीक्षा घेऊन पदवी देणें हें विद्यापीठाचें, अशी वांटणी झाली. परीक्षक व विद्यार्थी यांना जोडणारा दुवा म्हणून छापील प्रश्नपत्रिका तेवढी उरली, आणि अध्यापनही हळूहळू तिच्याच मागें चालूं लागलें. १९०२ च्या विद्यापीठ आयोगानें या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांना स्वतः शिकविण्याची मुभा दिली. तरीही एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची, असें १९४८-४९ च्या राधाकृष्णन् आयोगास म्हणावें लागलें.

हा दोष केवळ आमच्याच देशाचा नव्हे. वायूंच्या नियमांवरील गणितें बिनचूक सोडविणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना त्याच नियमांचें रेणूंच्या चित्रांतील रूप ओळखतां येत नाहीं, असें १९८७ सालीं अमेरिकेंत नरेनबर्न व पिकरिंग यांना आढळून आलें. सूत्र हातीं आलें, पण पदार्थ डोळ्यांपुढें आला नाहीं, असाच याचा अर्थ होय.

मराठी विद्यार्थ्यापुढें आणखी एक अडचण आहे. रोजच्या बोलण्यांत जें झोंबतें तें तीव्र. शास्त्रांत मात्र ‘तीव्र’ व ‘संहत’ हे निराळे शब्द आहेत. आम्लाचे रेणू पाण्यांत किती प्रमाणांत विघटित होतात हें पहिला सांगतो. द्रावणांत आम्ल किती आहे हें दुसरा सांगतो. संहत ॲसेटिक आम्ल हेंही सौम्य आम्लच होय.

हा भेद निव्वळ शब्दांचा आहे काय? पुणें-नाशिक रस्त्यावरील कुरुळीचें उदाहरण घेऊं. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांतील या गांवीं एखाद्या कारखान्यांत सांडपाण्याचे सारखेच दोन हौद आहेत, असें समजा. एकांत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यांत ॲसेटिक. दोहोंचा सामू ३. तर उदासीनीकरणास चुना सारखाच लागेल काय? सामूची व्याख्या तोंडपाठ असलेला पदवीधर ‘होय’ म्हणण्याचा संभव आहे. वस्तुतः दुसऱ्या हौदास पन्नासपटींहून अधिक चुना लागतो. कारण त्यांतील बहुतेक आम्ल अविघटित असतें व चुना पडत जाईल तसतसें तें विघटित होत राहतें. सामू पाहून एकाच मापानें चुना टाकला, तर आंबट पाणी नदीच्या वाटेस लागेल.

असे प्रश्नही उद्यां मार्गदर्शिकांत छापले जातील व पाठ होतील, असा आक्षेप येईल. तो अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच १९८८ सालीं ऑस्ट्रेलियांतील ट्रेगस्ट यांनीं मांडलेली रीत आम्हांस ग्राह्य वाटते. तींत उत्तराबरोबर त्याचें कारणही निवडावयाचें असतें, आणि चुकीचीं कारणें विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष समजुतींतूनच घेतलेलीं असतात. अशा परीक्षेनें गुणवत्तायादी सजणार नाहीं. पण कोणतें प्रकरण पुन्हां शिकवावयाचें, एवढें तरी अध्यापकास कळेल. परीक्षेकडून आम्ही प्रथम हीच अपेक्षा धरावयास पाहिजे.