दोन ठिपक्यांचे ऋण : सहसंयुज बंधाच्या शोधाचा इतिहास

१/ दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा पाठ उघडला की मूलद्रव्यांच्या संज्ञांभोवती ठिपके आणि फुल्या मांडलेल्या दिसतात. त्याला ‘इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना’ म्हणतात. दोन अणूंच्या मधोमध दोन खुणा काढल्या की सहसंयुज बंध तयार झाला, एवढे विद्यार्थी पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु या दोन ठिपक्यांपर्यंत पोहोचण्यास रसायनशास्त्राला शंभरहून अधिक वर्षे लागली. त्यांच्या श्रेयावरून दोन थोर शास्त्रज्ञांमध्ये कायमचा दुरावा आला. या धाग्यात त्या दोन ठिपक्यांचा इतिहास.

२/ प्रश्न जुना आहे. १८११ मध्ये अॅव्होगाद्रो यांनी सुचवले की हायड्रोजन वायूचा कण हा एकटा अणू नसून दोन अणूंची जोडी असावा. त्या काळचे सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ, स्वीडनचे बर्झेलियस, यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांच्या मते प्रत्येक संयुग विद्युत आकर्षणाने बांधलेले असते. एक भाग धन, दुसरा ऋण. मग अगदी एकसारखे दोन अणू एकमेकांना धरून कसे राहतील? त्यांनी तर एकमेकांना दूर लोटावयास हवे.

३/ बर्झेलियस यांचा तर्क खुळचट नव्हता. मिठासारख्या पदार्थांना तो आजही लागू पडतो. परंतु १८३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये द्यूमा यांनी अॅसेटिक आम्लातील हायड्रोजनच्या तीन अणूंच्या जागी क्लोरीनचे तीन अणू बसवले. हायड्रोजन धन मानला जाई, क्लोरीन ऋण. तरीही नवा पदार्थ मूळ आम्लाचाच भाऊबंद निघाला. धनाच्या जागी ऋण येऊनही घर कोसळत नसेल, तर ते घर केवळ धन-ऋणाच्या आधारावर उभे नव्हते.

४/ १८५२ मध्ये फ्रँकलंड यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याची इतरांना धरण्याची क्षमता ठरावीक असते. हीच पुढे ‘संयुजा’ झाली. १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडले की कार्बन चार हातांचा आहे आणि तो दुसऱ्या कार्बनचाही हात धरतो. १८६० च्या दशकात अणूंना जोडणाऱ्या रेषा कागदावर सर्रास दिसू लागल्या. १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळवले.

५/ म्हणजे पाहा, एकोणिसावे शतक संपताना रसायनशास्त्रज्ञांना रेणूचा आकार ठाऊक होता, बंधांची संख्या ठाऊक होती, नवे रंग आणि नवी औषधे घडवण्याइतके प्रावीण्य होते. फक्त ती रेषा म्हणजे नेमके काय, हे कोणालाही सांगता येत नव्हते. हिशेब अचूक जुळत होता. पण कोणत्या नाण्यात व्यवहार चालला आहे हेच अज्ञात होते. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि ते नाणे हाती आले.

६/ आता रंगमंचावर गिल्बर्ट न्यूटन लुईस येतात. जन्म १८७५, मॅसॅच्युसेट्स. १८९९ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट. १९०२ मध्ये तेथेच नवख्या विद्यार्थ्यांना आवर्त नियम समजावताना त्यांनी अणूचे एक चित्र योजले : अणू म्हणजे एक घन, म्हणजे ठोकळा, आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर बाहेरचे इलेक्ट्रॉन. आठही कोपरे भरले की अणू तृप्त. सोडिअमच्या एकाच कोपऱ्यावर इलेक्ट्रॉन आहे, क्लोरीनच्या सात. सोडिअमने आपला देऊन टाकला की दोघांचेही काम झाले.

७/ २८ मार्च १९०२ ही तारीख असलेले ते टिपण आज प्रसिद्ध आहे. पण तेव्हा ते छापले गेले नाही. हार्वर्डच्या रसायन विभागात मोजमापाला मान होता, अणूंच्या आतल्या चित्रांना नव्हता. शिवाय त्या चित्रात एक मोठी उणीव होती. मिठाचा उलगडा झाला, पण हायड्रोजनच्या जोडीचा नाही. बर्झेलियस यांना छळणारा प्रश्न जिथल्या तिथेच होता. टिपण कागदपत्रांत गेले आणि लुईस काही काळ फिलिपाइन्समध्ये वजन-मापांच्या कार्यालयात नोकरीस गेले.

८/ १९१२ मध्ये लुईस कॅलिफोर्नियातील बर्कले येथे आले आणि तेथील रसायन विभाग त्यांनी नव्याने उभारला. दरम्यान अनेकांचा प्रयत्न चालू होता की सर्वच बंध इलेक्ट्रॉनच्या देवघेवीने समजावावेत, अगदी हायड्रोजन-हायड्रोजन बंधही : एक अणू देणारा, दुसरा घेणारा. पण दोन्ही अणू तंतोतंत सारखे असताना देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कोण ठरवणार? १९१३ मध्ये लुईस यांनी स्पष्ट लिहिले की संयुगांचे दोन प्रकार मानावेच लागतील. मिठाचा बंध वेगळा आणि मिथेनचा वेगळा.

९/ एप्रिल १९१६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लुईस यांचा ‘अणू आणि रेणू’ या विषयावरचा लेख आला. त्याच वर्षी जर्मनीत वॉल्थर कॉसेल यांनी देवघेवीच्या बंधाची सुरेख मांडणी केली होती; लुईस त्याच्या पलीकडे गेले. त्यांचे उत्तर एका वाक्यात मावते : इलेक्ट्रॉन देण्याची किंवा घेण्याची गरजच नाही, दोन इलेक्ट्रॉनची एक जोडी दोन्ही अणूंच्या मालकीची असू शकते. सामाईक विहिरीसारखी. पाणी दोन्ही शेतांचे, विहीर एकच.

१०/ या कल्पनेने हिशेब कसा सुटतो ते पाहू. क्लोरीनकडे बाहेरचे सात इलेक्ट्रॉन. दोन क्लोरीन अणूंनी प्रत्येकी एक सामाईक ठेवला, तर मधली जोडी दोघांच्याही खात्यात मोजता येते आणि प्रत्येकाचे आठ भरतात. हायड्रोजनला दोनच पुरतात. दोन हायड्रोजन अणूंनी एक जोडी वाटून घेतली की दोघेही तृप्त. देणारा कोणी नाही, घेणारा कोणी नाही. अॅव्होगाद्रो यांच्या सूचनेला १०५ वर्षांनी चित्र मिळाले. याच लेखात लुईस यांनी संज्ञांमध्ये दोन ठिपके काढले. तेच आपले ठिपके.

११/ लेखातील एक युक्तिवाद विशेष पाहण्याजोगा आहे. लुईस यांनी ज्ञात संयुगांमधील बाहेरच्या इलेक्ट्रॉनची बेरीज केली. जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर सम संख्या येई. पाण्यात ८, मिथेनमध्ये ८, कार्बन डायऑक्साइडमध्ये १६. नायट्रिक ऑक्साइड (११) आणि नायट्रोजन डायऑक्साइड (१७) यांसारखे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. हा योगायोग नव्हे. निसर्गाला आठपेक्षाही दोनचे आकर्षण अधिक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उपकरण काही नाही. केवळ बेरीज आणि बारकाईची नजर.

१२/ आणि येथेच त्यांनी स्वतःच्या लाडक्या ठोकळ्याला मुरड घातली. दोन घनांनी एक कड वाटून घेतली की एकेरी बंध, एक पृष्ठ वाटून घेतले की दुहेरी बंध. मग तिहेरी बंध? दोन घन सहा कोपरे सामाईक ठेवूच शकत नाहीत. पण अॅसेटिलीनमध्ये तर तिहेरी बंध आहे. म्हणून लुईस यांनी आठ इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या केल्या आणि त्या चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे ठेवल्या. व्हांट हॉफ यांचा १८७४ चा कार्बन आणि १९१६ चा इलेक्ट्रॉन एकाच आकृतीत भेटले.

१३/ एक अडचण मात्र उघडीवाघडी राहिली. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचे. ते एकमेकांना दूर लोटणार. मग त्यांची जोडी कशी जमते? लुईस यांनी धाडसाने सुचवले की अतिसूक्ष्म अंतरांवर विद्युत प्रतिकर्षणाचा नेहमीचा नियम कदाचित लागू नसेल. पदार्थवैज्ञानिकांना हे पटण्यासारखे नव्हते. बोर यांच्या १९१३ च्या प्रतिमानात इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरत होते; लुईस यांचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी उभे. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचे अणू दोन वेगळ्या गावांत राहत होते.

१४/ मग पहिले महायुद्ध आले. १९१८ मध्ये लुईस सैन्याच्या रासायनिक युद्ध विभागातर्फे फ्रान्समध्ये होते. विषारी वायूंपासून बचाव कसा करावा, हे सैनिकांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. लेखाचा पाठपुरावा करण्यास सवड नव्हती. १९१९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील अर्विंग लँगम्यूर यांनी तो विषय हाती घेतला. विजेच्या दिव्यात वायू भरून त्याचे आयुष्य वाढवणारे तेच लँगम्यूर. त्यांनी लुईस यांच्या कल्पनेचा विस्तार केला, ती शेकडो संयुगांना लावून दाखवली आणि तिला नवे शब्द दिले.

१५/ ते शब्द म्हणजे ‘ऑक्टेट’, आपले अष्टक, आणि ‘कोव्हॅलन्स’, आपली सहसंयुजा. लँगम्यूर उत्तम वक्ते होते. लुईस यांना व्याख्यानांच्या दौऱ्यांची हौस नव्हती. परिणामी १९१६ चा लेख ज्यांनी वाचला नव्हता त्यांनी १९१९ नंतर लँगम्यूर यांचे भाषण ऐकले. उपपत्तीला ‘लुईस-लँगम्यूर’ नाव पडले; कित्येक ठिकाणी तर नुसतेच ‘लँगम्यूर’. लँगम्यूर यांनी आपल्या लेखात लुईस यांचे ऋण मान्य केले होते, हेही नोंदवले पाहिजे. पण व्यासपीठाचा आवाज तळटीपेपेक्षा मोठा असतो.

१६/ लुईस यांचे उत्तर १९२३ च्या त्यांच्या संयुजाविषयक ग्रंथात सापडते, आणि ते अत्यंत सभ्य शब्दांत बोचरे आहे. आशय असा : लँगम्यूर यांना इतक्या ठिकाणी उपपत्ती लावूनही ती बदलावी लागली नाही, याचा आपल्याला आनंद वाटतो, मात्र जोडनावामुळे आम्ही एकत्र काम केले असा समज होतो, तसे काही झालेले नाही, लँगम्यूर यांनी जी भर घातली तिचे श्रेय त्यांचे एकट्याचे. वाचणाऱ्याने ओळखावे की उरलेल्याचे श्रेय कोणाचे. त्याच ग्रंथात १९०२ चे ते घनांचे टिपणही छापले गेले.

१७/ जोडीचे कोडे सुटण्यास आणखी चार वर्षे जावी लागली. १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनचा ‘स्पिन’ आणि पाउली यांचा अपवर्जन नियम पुढे आला. १९२७ मध्ये झुरिक येथे हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी नव्या पुंज यामिकीने हायड्रोजनचा रेणू सोडवला. विरुद्ध स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांमध्ये वाटले गेले की एकूण ऊर्जा कमी होते. म्हणूनच रेणू टिकतो. प्रतिकर्षणाचा नियम मोडलेला नव्हता. लुईस यांनी दिलेले कारण चुकले होते, पण जोडी खरी होती.

१८/ ठिपक्यांच्याही मर्यादा आहेत. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात एकटे इलेक्ट्रॉन असले पाहिजेत. ठिपक्यांच्या आकृतीत मात्र सर्वांच्या जोड्या लागलेल्या दिसतात. हे कोडे १९२९ मध्ये लेनार्ड-जोन्स यांनी रेणू-कक्षकांच्या पद्धतीने सोडवले. तरीही वर्गात आजही पहिल्यांदा ठिपकेच काढले जातात, कारण फार थोड्या खर्चात ते फार बरोबर उत्तर देतात.

१९/ सन्मानांचा हिशेब असा : लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल मिळाले, पण ते पृष्ठभागांच्या रसायनासाठी. रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील संशोधनासाठीचे नोबेल १९५४ मध्ये लायनस पॉलिंग यांना मिळाले. लुईस यांचे नाव ४० हून अधिक वेळा सुचवले गेले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. २३ मार्च १९४६ रोजी बर्कलेच्या प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पॉलिंग यांनी मात्र रासायनिक बंधावरील आपला १९३९ चा ग्रंथ लुईस यांनाच अर्पण केला होता.

२०/ याच पॉलिंग यांनी ओरेगॉनमधील कृषी महाविद्यालयात विशीच्या उंबरठ्यावर असताना लुईस आणि लँगम्यूर या दोघांचेही लेख वाचले आणि तेथूनच त्यांना बंधाचा ध्यास लागला. म्हणजे ज्याने कल्पना दिली तोही आवश्यक होता आणि ज्याने ती गावोगाव पोहोचवली तोही. फक्त दोन्ही कामे एक नव्हेत, आणि इतिहासाने ती एक मानू नयेत, एवढीच लुईस यांची तक्रार होती.

२१/ मराठी पाठ्यपुस्तकाच्या त्या पानावर हा वाद नकळत मिटलेला आहे. ‘सहसंयुज’ हा शब्द लँगम्यूर यांच्या शब्दाचा वंशज. ‘सह’ म्हणजे सोबत, ‘संयुजा’ म्हणजे जोडण्याची क्षमता. त्या शब्दाखाली काढलेले दोन ठिपके लुईस यांचे. नाव एकाचे, चित्र दुसऱ्याचे, आणि दोघेही एकाच चौकटीत, एक जोडी वाटून घेतलेल्या दोन अणूंसारखे.