रानटी घोडे, सरकारी जमीन आणि लोकांची पत्रं

आजचा एपिसोड अमेरिकेतल्या रानटी घोड्यांवर आहे. पण खरा प्रश्न माणसांचा आहे. सरकारी जमिनीवर काय व्हायचं हे ठरताना सामान्य माणसाचं कुणी ऐकतं का? आणि ऐकलं, तर किती?

गोष्ट सुरू होते नेवाडा राज्यात. वेल्मा जॉन्स्टन या रीनो शहरात एका इन्शुरन्स ऑफिसात सेक्रेटरी होत्या. लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता. १९५० मध्ये ऑफिसला जाताना त्यांना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. त्या ट्रकच्या मागे गेल्या. आत कत्तलखान्यात निघालेले रानटी घोडे कोंबले होते. विमानाने पळवून दमवायचं, मग ट्रकने गाठायचं, ही तेव्हाची पद्धत. मांस जायचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात. आणि हे सगळं कायदेशीर होतं!

आता नेवाडाची ८० टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्र सरकारची. पशुपालक तिथली कुरणं भाड्याने घेतात. त्यांच्या दृष्टीने घोडे म्हणजे गुरांच्या तोंडचं गवत पळवणारे.

वेल्माबाईंनी सुरुवात छोटी केली. १९५२ मध्ये त्यांच्या स्टोरी काउंटीत विमानाने घोडे पकडण्यावर बंदी आली. १९५५ मध्ये राज्याचा कायदा झाला, पण त्यात केंद्राची जमीन वगळलेली. म्हणजे बहुतेक घोडे कायद्याच्या बाहेरच! मग बाई वॉशिंग्टनला गेल्या आणि १९५९ मध्ये संसदेच्या समितीपुढे फोटो घेऊन उभ्या राहिल्या. 'वाइल्ड हॉर्स ॲनी' हे नाव त्यांना चिडवायला पडलं होतं. बाईंनी तेच मिरवलं आणि कायदाही त्याच नावाने ओळखला जातो. सरकारी जमिनीवर विमान आणि गाड्या वापरून घोडे पकडायला बंदी आली.

पण त्यांचा सांभाळ कुणी करायचा, हे त्या कायद्यात नव्हतंच. म्हणून दुसरी लढाई. या वेळी शाळकरी पोरांनी पेन्सिली हातात घेतल्या आणि खासदारांकडे पत्रांचा ढीग लागला. १९७१ चा कायदा दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला. १५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. न्यू मेक्सिको राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलं, पण १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला.

इथेच थांबलो असतो तर छान शेवट झाला असता. पण आता शिकार थांबली आणि कळप वाढू लागले. घोड्यांचा कळप वर्षाला साधारण १५ ते २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. दुष्काळी माळावर इतकं गवत आणि पाणी कुठून येणार? १९७६ मध्ये संसदेने घोडे गोळा करायला हेलिकॉप्टरची परवानगी दिली. त्यातली एक अट: आधी जनसुनावणी.

ही अट किती मोलाची, ते २००४ मध्ये कळलं. त्या वर्षाच्या शेवटी हजारो पानांच्या खर्चाच्या विधेयकात सिनेटर कॉनराड बर्न्स यांनी एक छोटी दुरुस्ती घुसवली. दहा वर्षांवरचे, किंवा तीनदा दत्तक द्यायचा प्रयत्न करूनही कुणी न घेतलेले घोडे कुठल्याही अटीशिवाय विकायचे. ना सुनावणी, ना पत्रं. शाळकरी पोरांनी मिळवून दिलेल्या संरक्षणाला गुपचूप भोक पडलं. पुढे लोकांनी ओरड केल्यावर संसदेनेच बजेटमध्ये अटी घालून कत्तलीसाठीच्या विक्रीला पैसे द्यायचं बंद केलं. पण ती अट दर बजेटमध्ये नव्याने घालावी लागते.

आज एखाद्या भागातून घोडे हलवायचे असतील, तर जमीन सांभाळणारं खातं आधी आराखडा जाहीर करतं आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवतं. एकच मजकूर हजारो जणांनी कॉपी-पेस्ट करून पाठवला, तर तो एकच मुद्दा धरला जातो, कारण हे मतदान नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला हे लगेच पटलं. 'ॲप बेकार आहे' अशा हजार तक्रारींपेक्षा 'हे बटण दाबल्यावर अमुक होतं' ही एक तक्रार कामाची असते. 'घोडे वाचवा' यापेक्षा 'तुमच्या मोजणीत ही दरी सुटली आहे' याला उत्तर देणं खात्याला भाग पडतं.

पण यात एक मेख आहे. कळपाचा आकडा किती असावा हे खातंच ठरवतं, आणि आज पकडलेले ६० हजारांहून जास्त घोडे सरकारी खर्चाने कुंपणाआड आहेत. पत्रं लिहिणाऱ्या पोरांनी मोकळे घोडे मागितले होते.

मला यातून एवढं दिसतं: कायदा करायला गर्दी लागते, पण तो राबवताना लक्ष ठेवायला चिकाटी लागते. गर्दी घरी गेली की २००४ घडतं. वेल्माबाई १९७७ मध्ये वारल्या, तोवर त्या या कामात होत्याच.

तुमच्या गावातही हरकती-सूचनांची नोटीस लागत असेल. शेवटची तारीख तेवढी बघून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!